टिटवी पारीवर चढली

टिटवीला अक्कल असते की नसते, हा वाद कोसमटोल्यात कधी झाला नाही. माणसांच्या अकलेवरून रोज व्हायचा. वैशाखात तलाव आटला की टिटवी अंडी कुठं घालते ते केवलराम पाणकर जाऊन पाहायचा आणि रोहिणी लागायच्या आत गावाला सांगायचा. अंडी तलावाच्या पोटात असली तर पाऊस ओढ देणार. काठाला असली तर बेताचा. आणि पारीवर, म्हणजे तलाव अडवणाऱ्या थोरल्या मातीच्या बांधावर चढली, तर आभाळ फाटणार. आमगावला पंचांगवाले जोशीबुवा होते, त्यांच्याकडं गाव लग्नाची तिथी काढायला जायचं. पावसाचं विचारायला मात्र केवलरामाच्या ओसरीवर.

पाणकर म्हणजे तलावाचं पाणी सोडणारा आणि अडवणारा. पारीच्या पोटातून बांध्यांकडं, म्हणजे धानाच्या खाचरांकडं, पाणी सोडायची वाट, तिला तुडूम म्हणायचे. आणि तलाव भरला की जादा पाणी जिथून निघून जायचं ती दगडी सांडवण म्हणजे सलंग. तुडूम आणि सलंग दोन्ही केवलरामाच्या हातात होती. घर मात्र साधंच, कुडाच्या भिंतींचं. बायको मरून गेलेली, एकुलता एक लेक मंगरू आणि सून फुलवंता. फुलवंताला तो वैशाख म्हणजे चौथा महिना होता.

त्या वर्षी गाळ काढायचा म्हणून तलावातलं उरलंसुरलं पाणीही सोडून तळ उघडा केला आणि नेमका केवलराम हिवतापानं अंथरुणाला खिळला. गावातली सारी जोडपी कामाला लागली. मंगरू फावड्यानं गाळ ओढायचा, फुलवंता टोपली डोक्यावर घेऊन पारीपलीकडं रिकामी करून यायची. चुंबळ घामानं भिजून कपाळावर उतरायची. दुपारी सगळे करंजाच्या सावलीला आडवे व्हायचे, तेव्हा ही एकटीच तलावात हिंडायची. पोटात मळमळायचं, निजलं की जास्तच.

तिथंच तिला ती दिसली. तुडमाच्या तोंडाशी, तलावाच्या सगळ्यात खोल जागी, तलाव बांधणाऱ्यांनी कधीकाळी ठोकलेला एक जुना खुंटा होता. त्याच्या बुडाशी, भेगाळलेल्या मातीत, चार अंडी. मातीच्याच रंगाची, टोकं आत वळलेली. टिटवी तिच्या डोक्यावरून ओरडत फिरत होती आणि मधेच पंख मोडल्याचं सोंग करून दूर जमिनीवर लोळत होती.

खोदत आलेला खड्डा खुंट्यापासून दोन टोपल्या गाळ निघेल एवढ्यावर येऊन ठेपला होता. दुपारनंतर फावडं अंड्यांवरच पडणार. पोटुशी बाईच्या डोळ्यांदेखत अंडं फुटू नये, हे तिला माहेरी आजीनं सांगितलं होतं. तिनं फुटक्या घागरीचं खापर शोधलं, अंडी खालच्या मातीसकट त्यावर घेतली आणि चार हात वर, पारीच्या उताराला नेऊन ठेवली. मग करंजाखाली जाऊन बसली आणि बघत राहिली. टिटवी उतरली, इकडंतिकडं धावली, आणि अंड्यांवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी खड्डा पुढं सरकला. फुलवंतानं खापर आणखी वर नेलं. तिसऱ्या दिवशी आणखी वर. कामकरी पुढं, टिटवी त्यांच्या पुढं, असं करत अंडी एक दिवस पारीच्या माथ्यावर गवताच्या बेचक्यात जाऊन पोचली. तिथं ना फावडं येणार ना टोपली. फुलवंताला बरं वाटलं. चार जीव वाचवले, आपल्या एका जिवाला ते कामी येतील, एवढाच तिचा हिशेब होता.

आठवडाभरानं केवलरामाचा ताप उतरला. काठी टेकत तो तलावाकडं गेला आणि परत आला तो ओसरीवर न बसता थेट आत, चुलीपाशी आला.

"टिटवी पारीवर चढली," तो म्हणाला.

मंगरू जेवत होता, त्याचा हात थांबला. ते वाक्य त्या घरात आधी एकदाच बोललं गेलं होतं. केवलराम लहान असताना त्याच्या बापानं ते म्हटलं होतं, आणि त्याच साली श्रावणात पार फुटली होती. खालचा टोला, तिथली सगळी वस्ती, धुऊन निघाला. त्यात बाळंतपणाला मदत करायला गेलेली केवलरामाची आई होती. ती पुन्हा सापडली नाही. केवलराम जगात दुसऱ्या कशाला भीत नव्हता, पण त्या दिवसापासून भरलेल्या तलावाला भ्यायचा.

"मामाजी," फुलवंता म्हणाली.

"काय व?"

सांगायचं होतं तेव्हाच. तोंडापर्यंत आलंही होतं. पण म्हातारा नुकता तापातून उठलेला, डोळे अजून लाल. आणि टिटवीच्या अंड्यांना हात लावणं म्हणजे देवाच्या ताटातलं उचलणं. ती बोलली, "पेज वाढू का?"

"वाढ," केवलराम म्हणाला.

रोहिणी लागली तशी त्यानं गाव गोळा केलं. सलंगाचा वरचा थर काढायचा, म्हणजे तलाव तुडुंब भरणारच नाही, पाणी आधीच वाट धरेल, पारीवर ताण येणार नाही. सुईण देवकाबाईचा नवरा बिसराम, ज्याच्या बांध्या पाटाच्या पार शेवटाला होत्या, तो डोकं खाजवत म्हणाला, "काकाजी, पानी आतापासून सोडून देल्लं न मांगून कमी पडलं, त मंग?"

"हत्ती नाई का?" केवलराम म्हणाला. "हत्ती कधी चुकला हाय का तुह्या जिंदगीत?"

बिसराम पहार आणायला उठला. चुकला नव्हता खरा. मृग मागं-पुढं व्हायचा, आर्द्रा कधी रुसायची, पण हस्त नक्षत्र, ज्याला सारे हत्तीच म्हणायचे, तो दरसाल गर्जत यायचा आणि धानाच्या लोंब्या भरून जायचा. सूर्य उगवणार की नाही असं कोणी विचारत नाही, तसं हत्तीचं. पहारी लागल्या. दगड निघाले. केवलरामानं आपल्या हातानं पहिला उचलला.

आणि पाऊस खरोखर धो धो आला. मृगात नदी-नाले एक झाले, आर्द्रेत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटायला उसंत मिळेना. गुडघाभर चिखलात वाकून बायांनी रोवणी केली. फुलवंता पोट मांडीवर टेकवत रोवायची. कंबर मोडून यायची, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. देवकाबाई शेजारच्या ओळीतून ओरडायची, "हळू व हळू, पोरगं बांधीतच रोवशीन!" सगळ्या हसायच्या, फुलवंताही हसायची. रात्रंदिवस सलंगावरून पाणी पडायचा आवाज यायचा आणि गाव म्हणायचं, बघा, दगड काढले नसते तर पार राहिली असती का? केवलरामाची मान ताठ झाली. फुलवंताच्याही मनावरचं ओझं उतरलं. अंडी मी हलवली खरी, पण टिटवी माझ्यामागं मुकाट आली, तिला ठाऊकच असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. माणसाला सोयीचं समजायला फार वेळ लागत नाही.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग उतरायच्या आत आभाळ कोरडं पडलं.

आधी कोणी मनावर घेतलं नाही. उघाड हवीच असते. मग ऊन भाद्रपदाचं राहिलं नाही, वैशाखासारखं अंगावर येऊ लागलं. वारा थांबला. बांध्यांतलं पाणी आधी गरम झालं, मग गढूळ झालं, मग नुसता ओलावा राहिला आणि त्यालाही केसासारख्या भेगा पडल्या. धान पोटरीत आलं होतं. पोटात लोंबी धरलेलं धान आणि तहान, याहून वाईट जोडी नाही. केवलरामानं तुडूम उघडलं आणि पाळ्या लावल्या. पण तलावात होतं किती? भरल्या सालात असायचं त्याच्या निम्मंही नाही. बाकीचं सलंगावरून कधीच नदीला मिळालं होतं.

भांडणं सुरू झाली. पाटावर कुदळी घेऊन माणसं बसायला लागली. बिसरामाच्या बांधीपर्यंत पाणी पोचायच्या आत वरच्या बांध्यांचे मालक धुरे, म्हणजे मधले बांध, फोडून ते वळवून घ्यायचे. एकदा मंगरू अडवायला गेला तर कोणीतरी ओली माती त्याच्या तोंडावर मारली. तो तसाच घरी आला, ढोरांच्या नांदेवर तोंड धुतलं आणि कुदळ घेऊन पुन्हा पाटावर गेला.

"उतरा पडंन," केवलराम म्हणायचा. पडल्या उत्तरा तर भात खाईना कुत्रा, ही म्हण तो दिवसातून दहादा ऐकवायचा. उत्तरा पडल्या नाहीत. मग त्यानं म्हण सोडली आणि नुसतं "हत्ती" म्हणू लागला. लोक सकाळी उठून पूर्वेला पाहायचे, संध्याकाळी पश्चिमेला. आगगाडी आमगावाकडून गेली की तिच्या धुराकडंसुद्धा एखादा म्हातारा डोळ्यांवर हात धरून बघायचा.

हत्ती लागला. आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख.

त्याच दिवसांत एका सकाळी केवलरामाच्या दाराच्या चौकटीवर एक नासकं अंडं येऊन फुटलं. कोंबडीचं होतं. कोणी टाकलं ते कळलं नाही, पण पलीकडं हसण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. साऱ्या गावाला पाणी वाटणाऱ्या म्हाताऱ्यानं स्वतः शेणानं ती जागा सारवली. फुलवंता उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या पोटात कळ आली ती तेव्हाच.

देवकाबाई धावत आली. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर पडलेली. दिवस कलता कलता मुलगी झाली. देवकाबाईनं नाळ कापली, पोरीला कोमट पाण्यानं पुसलं, आपल्या घरून आणलेलं वाटीभर तूप फुलवंताच्या पेजेत सोडलं. "लक्ष्मी हाय व," ती म्हणाली, "हिच्यासंगं पानीबी येन पाय." स्वतःच्या बांधीत धान करपत होतं, तरी म्हणाली. फुलवंताच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी केवलराम कुडाला टेकून बाहेर बसला होता. आत बाळंतीण, मधे नुसती शेणामातीची भिंत. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तो बोलू लागला, स्वतःशीच. "माहा बाप, माहा बुडा खोटा, मी खोटा, टिटवीबी खोटी. कायले जगलो मी?"

"मामाजी," फुलवंता आतून म्हणाली, "टिटवी खोटी नाई."

"गप वो पोरी."

"टिटवी पारीवर चढलीच नोहोती. मी नेली. खापरावर ठेवून नेली, रोज थोडी थोडी. खड्ड्यात फुटली असती म्हनून." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबताच येईना. रडत रडत तिनं सगळं सांगितलं.

 आता हा येईल आणि माझ्या झिंज्या धरेल, असं तिला वाटलं. तिनं पोरीला छातीशी दाबलं.

"पयले कोठी होती?" केवलरामानं विचारलं.

"जी?"

"अंडी. पयले कोठी घातलीन तिनं?"

"जुन्या खुंट्यापाशी. तुडमाच्या तोंडाशी."

तो म्हणाला, "तठी त माह्या बुड्याच्या जिंदगीतबी नाई बसली." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा वाईट काहीतरी होतं. "म्हंजे हा हत्तीच गेला अशी गोष्ट नाई. हा तलाव खुंट्यापरयंत आटते, फुलवंता. समदा आटते."

त्याची काठी वाजली. तो उठला होता.

केवलराम तलावावर गेला आणि त्यानं तुडूम बंद केलं. गवत, चिखल, दगड, जे हाताला लागलं ते ठोसून पक्कं केलं आणि वर बसला. त्या दिवशी बिसरामाची पाळी होती. लोंबी निसवायला एकच पाणी हवं होतं, एकच. पाट कोरडा बघून बिसराम वर आला.

"काकाजी, पानी काऊन बंद केलं?"

"हे पानी धानाचं नाई आता. मानसाचं न ढोराचं हाय. जेठापरयंत पुरवा लागते."

"मरून रायलं माहं धान!"

"मरू दे."

हे दोन शब्द गावभर व्हायला वेळ लागला नाही. कुदळी, पहारी, बैल हाकायच्या तुताऱ्या, जे सापडलं ते घेऊन माणसं पारीवर चढली. मंगरू धापा टाकत घरी आला. त्याच्या भुवईतून रक्त येत होतं.

"बाबाले मारतेत," तो म्हणाला. "तुडूम सोडत नाई तो. वेड लागलं त्याले. जेठापरयंत पुरवा लागते म्हन्ते, पन कायहून ते कोनी इचारलं त सांगत नाई."

सांगत नाही, म्हणजे आपलं नाव झाकतोय. फुलवंता उठली. अजून छट्टी झाली नव्हती, अंगात त्राण नव्हतं, पायांवरून रक्त ओघळत होतं. पोरीला तिनं लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलं. दारात देवकाबाई आडवी आली. "इटाळात हायेस. उंबरा ओलांडू नको, तलावाले बाट लागंन!"

"सर व माय," फुलवंता म्हणाली आणि उंबरा ओलांडला.

पारीवर तिला येताना बघून माणसं आपोआप मागं सरली. विटाळातली बाळंतीण, तिचा स्पर्श कोणाला नको होता. त्या वाटेनं ती थेट तुडमापर्यंत गेली. केवलराम उकिडवा बसला होता, पागोटं सुटून गळ्यात आलेलं, ओठ फुटलेला.

"मामाजीले मारू नका," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "अंडी अठी नोहोती. तठी होती." तिनं खाली बोट दाखवलं. तुडमाच्या तोंडाशी पाणी अजून पुरुषभर उभं होतं, हिरवट, न हलणारं, आणि त्याच्या खाली कुठंतरी तो खुंटा होता. "खुंट्याच्या बुडाशी. मीच उचलून वर आनली. टिटवीनं खरं सांगतलं होतं. मीच खोटं केलं."

 सगळे त्या पाण्याकडं बघत होते. पाणकर खोटा पडू शकतो, हत्ती खोटा पडू शकतो, सून खोटं बोलू शकते. टिटवीवर मात्र कोसमटोल्यातल्या एकाही माणसाचा अविश्वास नव्हता. खुंट्यापाशी म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही सांगावं लागलं नसतं. आधी बिसरामाची कुदळ खाली आली. मग एकेकाच्या हातातलं खाली आलं. बिसराम मटकन बसला आणि आपल्या बांध्यांकडं तोंड करून रडायला लागला.

पाणी वाचलं. तेवढ्यात मागून, घाईघाईनं चढल्यामुळं धाप लागलेल्या आवाजात, देवकाबाई म्हणाली, "टोनही हाय व ही."

हळूच म्हणाली, पण म्हणाली. हा शब्द बाईला एकदा चिकटला की सरणावरच सुटतो. चेटूक करणारी, पाऊस बांधून ठेवणारी. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणावर तरी राग काढायचा होताच, आणि तो आता सगळ्यांच्या हाती आयता आला.

"तिनं अंडी उचलली," केवलराम उठत म्हणाला. "दगड म्या उचलले. तुमीबी उचलले." पण ते कोणाला ऐकायचं नव्हतं.

धान उभ्या उभ्या वाळून तणीस झालं. विळे लागले ते बैलांच्या वैरणीपुरते. फुलवंताच्या पोरीचं नाव मंगली ठेवलं, तेव्हा पाळण्याची दोरी धरायला एकही बाई आली नाही, मंगरूनंच धरली. हिवाळ्यात निम्मं गाव गिट्टी फोडायला रेल्वेच्या कामावर गेलं, उरलेलं गाव सुकवलेली मोहफुलं आणि कंदमुळं खाऊन राहिलं. आसपासच्या टोल्यांत विहिरी आटल्या, ढोरं मेली. कोसमटोल्यात ढोरं जगली, कारण तलावात पाणी होतं. त्या पाण्यावर सगळे येत. फुलवंता येई ती सगळ्या बाया गेल्यावर, उन्हं चढल्यावर, पारीच्या दुसऱ्या टोकानं. तिच्या घागरीची सावलीही कोणी आपल्या घागरीवर पडू देत नव्हतं.

केवलराम आता पारीवर जात नसे. गुडघे गेले होते, त्या दिवसाच्या मारानं की म्हातारपणानं, कोण सांगणार.

वैशाखात पाणी इतकं खाली गेलं की जुना खुंटा उघडा पडला, आधी शेंडा, मग बूड. पाणी त्याच्या एका अंगाला डबक्याएवढं उरलं. एका दुपारी फुलवंता मंगलीला पाठीशी बांधून त्या डबक्यात वाटीवाटीनं घागर भरत होती. वर पारीवर देवकाबाई येऊन उभी राहिली. हाडं वर आलेली, हातात भांडं नाही. पाण्याला आलेली नव्हती. 

"टिटवी बसली का व?" तिनं विचारलं. तोंड दुसरीकडं होतं.

"बसली."

"कोठी?"

फुलवंतानं वाटी घागरीत रिकामी केली. "तूच पाय येऊन. मी सांगन त उद्या मीच घातली म्हनशान."

देवकाबाई उतरू लागली. उतारावर एकेका झुडपाच्या बुडाशी वाकून बघत होती, आणि काही न मिळता खाली खाली येत होती. काठ सोडला. भेगाळलेला तळ लागला. टिटवी कुठूनशी उठली आणि तिच्या डोक्यावर ओरडत फिरायला लागली. खुंट्यापाशी येऊन देवकाबाई थांबली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

मग ती तिथंच भेगांवर बसली. पारीवरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिनं फुलवंताच्या तोंडाकडं पाहिलं आणि दोन्ही हात जोडले.

"फुलवंता, ये व माय," ती म्हणाली. "उचल न यायले. ठेव वर. पारीवर नेऊन ठेव."

फुलवंता घागर कमरेवर घेऊन उभी होती. घागर अर्धीच भरली होती.